मनाला विसावा देणारी सुट्टी कशी आखावी: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी आली की आपल्या भागात एक बेत ठरलेला असतो. बारा-तेरा माणसांची गाडी ठरवायची, रात्री जेवून निघायचं, पहाटे पंढरपूर, दुपारी तुळजापूर, रात्री अक्कलकोट, दुसऱ्या दिवशी गाणगापूर आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून उतरून आंघोळ करून थेट कामावर. देवदर्शनाचं समाधान खरं असतं, त्याबद्दल माझा काहीच वाद नाही. पण मन हलकं झालं का, असं विचारलं तर उत्तर येतं, "अंग नुसतं आंबून गेलंय बघा."

दर्शनासाठी केलेला प्रवास आणि विसाव्यासाठी घेतलेली सुट्टी ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाची आखणी वेगळी करावी लागते. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाचं भाग्य असं की त्यासाठी लागणारं जंगल, नदी, जुनी देवळं, शांत गावं सगळं दोन-तीन तासांच्या आत आहे. फार पैसाही लागत नाही. लागतं ते थोडं आधी बसून ठरवणं.

सुट्टीत मनाचं काय होतं

कामाचा ताण अंगात साचतो तो कामाच्या तासांपुरता नसतो. घरी आल्यावरही डोकं तिथंच फिरत राहतं, झोप उथळ लागते आणि सकाळी उठल्यावर थकवा तसाच असतो. सबिने सोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ साली यावर एक उपयोगी मांडणी केली. माणूस कामाच्या ताणातून सावरतो तेव्हा चार गोष्टी घडलेल्या असतात: मन कामापासून खरोखर सुटलेलं असतं, शरीर सैलावलेलं असतं, काहीतरी नवं शिकल्याचं किंवा जमल्याचं समाधान असतं, आणि आपला वेळ आपल्या हातात असतो. वरच्या बारा माणसांच्या गाडीला हे चार निकष लावून बघा. शेवटचा निकष तर निघाल्या क्षणीच संपलेला असतो, कारण वेळ ड्रायव्हरच्या आणि रांगेच्या हातात जातो.

दुसरी गोष्ट निसर्गाची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५ साली काही जणांना नव्वद मिनिटं झाडाझुडपांतून चालायला लावलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेनं. झाडांतून चालून आलेल्यांमध्ये तेच तेच नकारात्मक विचार उगाळत बसणं कमी झालेलं आढळलं. रस्त्याकडेच्यांत तसा फरक पडला नाही. आपल्याला रात्री झोपू न देणारी गोष्ट बहुतेक वेळा हे उगाळणंच असतं.

तिसरी गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुट्टीचा परिणाम टिकत नाही. माणूस कामावर परतला की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत मन पुन्हा पहिल्या जागी येतं, असं या विषयावरच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर लोकांना विचारून २०१० साली एक अभ्यास झाला. त्यात सुट्टीला जाणारे लोक जाण्याआधीच जास्त आनंदी असल्याचं दिसलं. आल्यानंतर मात्र ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती त्यांच्यातच फरक उरला, आणि तोही काही आठवड्यांत ओसरला.

यावरून निघणारी वाट सरळ आहे. वर्षातून एकदाच मोठी धावपळीची सहल काढण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी एक छोटी, जवळची, निवांत सुट्टी मनाला जास्त कामाला येते. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलं आहे.

पहिली पायरी: थकवा कुठला आहे ते ओळखा

"कुठं जायचं?" हा प्रश्न आपण सगळ्यात आधी विचारतो. तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, मी कशानं थकलोय?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये शिफ्ट करणारा, आणि वडगाव-शहापुरात दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस शरीरानं आणि कानानं थकलेला असतो. त्याला डोंगर चढायला नेऊन उपयोग नाही. त्याला शांतता, सावली आणि दुपारची झोप हवी. शाळेत शिकवणारे, बँकेत-सोसायटीत हिशेब सांभाळणारे, दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे यांचं उलट असतं. डोकं शिणलेलं आणि अंग आखडलेलं. त्यांनी चालावं, चढावं, घाम काढावा. दुकानदाराला माणसांशी बोलून बोलून कंटाळा आलेला असतो, त्याला कमी माणसांची जागा हवी. एकटं राहणाऱ्या आजी-आजोबांना याच्या नेमकं उलट, म्हणजे गजबज, नातवंडं आणि गप्पा.

शेतकऱ्याचा थकवा बहुतेक वेळा काळजीचा असतो. ऊस तोडायला टोळी कधी येणार, कारखान्याचं बिल कधी जमा होणार, हे डोक्यात चालू असताना त्याला कुठंही नेलं तरी तो शेतातच असतो. त्यामुळं त्याच्यासाठी जागेपेक्षा वेळ महत्त्वाची ठरते.

घरातल्या बाईचा थकवा आणखी निराळा, त्यावर पुढं सविस्तर लिहिलंय.

एका कागदावर दोन ओळी लिहा: मला सध्या सगळ्यात जास्त कशाचा वीट आलाय, आणि सगळ्यात जास्त काय हवंसं वाटतंय. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाकडून हे लिहून घ्या, मुलांकडूनही. उत्तरं वाचल्यावर जागा बहुतेक आपोआप ठरते. निदान कुठं जायचं नाही एवढं तरी नक्की कळतं.

दुसरी पायरी: तारीख आधी, जागा नंतर

तारीख ठरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोल करून ठेवा. महिनाभर आधी ठरलं तर महिनाभर त्या दिवसाची वाट बघण्यात जातो, आणि हा वाट बघण्याचा आनंद सुट्टीच्या फायद्यातला मोठा हिस्सा आहे. "अचानक निघू, मजा येते" हे विशीत ठीक आहे. संसारी माणसाला अचानक निघण्यात धांदलच जास्त होते.

कारखान्यात नोंद असलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा कायद्यानं मिळते, ठरावीक दिवस भरले की. ही रजा आपल्याकडं लग्नं, बारशी, गावच्या जत्रा आणि आजारपणात संपते. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यातले चार दिवस स्वतःच्या विसाव्यासाठी वेगळे काढून ठेवावेत आणि सुपरवायझरला तेव्हाच सांगून ठेवावं.

आपल्या भागाची काही खास गणितं आहेत. खानापूर भागात भाताची रोप लावण जुलैत चालते आणि सुगी दिवाळीनंतर. त्यामुळं भातवाल्या घरांना डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा मोकळा काळ. ऊसवाल्यांनी तोड झाल्यावर आणि खोडव्याचं पाणी मार्गी लागल्यावर निघावं. पाव्हण्यांच्या गावची महालक्ष्मीची यात्रा ही विश्रांतीची सुट्टी धरू नका. तिथं जाणं हे नातं राखण्याचं काम आहे, आणि यजमान घराला तर त्यानंतर आठवडाभर झोप काढावी लागते.

१ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस) आसपास बेळगाव शहरातून ये-जा करण्याचा बेत ठेवू नये. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा शहरातली लॉजं भरलेली असतात, मोर्चे असतात, रस्ते वळवलेले असतात. पाव्हण्यांना तेव्हा बोलावू नका. उलट आपणच त्या आठवड्यात बाहेर पडायला हरकत नाही. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं तर दोन्ही राज्यांच्या बस निपाणीजवळ सीमेवरच्या कोगनोळीपाशी थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं झालं होतं. म्हणून सीमेपलीकडचा बेत असेल तेव्हा त्याच दिवसांत जमेल असा अलीकडचा एक बेत तयार ठेवावा. असा पर्याय हाताशी असला की निघण्याच्या दिवशी टीव्हीवरच्या बातम्या बघून घरात कुणी हिरमुसत नाही.

तिसरी पायरी: जागा

इथं थोडं रेंगाळते, कारण आपल्या भागाबद्दल आपल्यालाच कमी ठाऊक असतं. मुलांना उटी-म्हैसूर माहीत असतं, आणि हलशी दाखवलेलं नसतं.

कणकुंबी आणि जांबोटीचा पट्टा. डोकं शिणलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगेन. बेळगावहून जांबोटी सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगल दाटत जातं, हवा बदलते आणि पुढं मोबाईलची रेंज जाऊ लागते. कणकुंबीत माउलीचं देऊळ आहे, आणि मलप्रभेचा उगम तिथंच आहे. ज्या नदीवर सौंदत्तीजवळ नविलतीर्थाचं एवढं मोठं धरण आहे आणि जी पुढं कुडलसंगमाला कृष्णेला मिळते, ती इथं कुंडात हात बुडवून बघण्याएवढी आहे. याच डोंगररांगेतून म्हादई उलट दिशेनं गोव्याकडं उतरते. म्हणजे शेजारच्या दोन डोंगरांवर पडलेला पाऊस एक बंगालच्या उपसागराला जातो आणि एक अरबी समुद्राला. मुलांना नकाशा हातात देऊन हे उगमाजवळ उभं राहून सांगा. शाळेत वाचलेली जलविभाजक रेषा त्यांच्या डोळ्यांसमोर येईल.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भर पावसात हा भाग देखणा दिसतो, पण पाऊस इतका असतो की रस्ते खचतात, चोर्ला घाटात दरडी येतात आणि वन खातं आतल्या धबधब्यांवर जायला बंदी घालतं. ती बंदी मोडून आडवाटेनं जाऊ नका. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतही परवानगीशिवाय शिरू नये. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये जगात फार थोड्या ठिकाणी उरलेली वटवाघळांची एक जात राहते, माणसांच्या गोंगाटानं तिचं नुकसान होतं.

हलशी. खानापूर तालुक्यातलं हे गाव कदंबांची राजधानी होतं, जुनं नाव पलाशिका. भूवराह नरसिंहाचं देऊळ बघताना घाई करू नका. या देवळात दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांच्या समोरासमोर. एका देवाकडं तोंड करून उभं राहिलं की दुसरा देव आपल्या पाठीशी असतो. मधल्या मंडपात, दगडी फरशीवर, खांबाला टेकून अर्धा तास बसावं. सुट्टीचा दिवस सोडून गेलात तर पुजारी आणि एखाद-दुसरं गावातलं माणूस एवढंच असतं. कानाला आणि मनाला गार वाटतं. मागावर काम करणाऱ्या एका शेजाऱ्याला त्याची मुलगी इथं घेऊन गेली होती. तो मंडपातच आडवा झाला आणि गाढ झोपला. मुलीनं त्याला उठवलं नाही, बरं केलं. त्याला तीच गरज होती.

गोकाक. घटप्रभा इथं सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. जुलै ते सप्टेंबरात पाणी भरपूर असतं आणि त्याचा आवाज लांबून येतो. असं मोठं काही बघताना आपण आणि आपल्या अडचणी थोड्या वेळासाठी लहान होतात, हा अनुभव मनाला फार हितकारक असतो. गिरणीजवळचा झुलता पूल बंद ठेवला असेल तर आग्रह धरू नका, आणि पाणी चढलेलं असताना कड्याच्या ओल्या खडकावर फोटोसाठी जाऊ नका. सकाळी लवकर पोचा, दहानंतर गर्दी वाढते. येताना करदंट (डिंक-सुक्यामेव्याची इथली मिठाई) आणायचा हे सांगायला नको.

बदामी. दोन रात्री काढता येत असतील तर. लाल दगडातल्या चार लेण्या, खाली अगस्त्य तलाव, आणि संध्याकाळी त्या दगडावर पडणारं ऊन. तिसरी लेणी इसवी सन ५७८ ची आहे, शिलालेखच आहे तसा. पट्टदकल जवळच आहे. १९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. एका दिवसात बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि कुडलसंगम उरकणारे लोक बघितले की वाईट वाटतं. एक दिवस बदामी, एक दिवस पट्टदकल, बाकी काही नाही. उन्हाळ्यात जाऊ नये, दगड तापतो.

निपाणी-चिकोडीकरांसाठी खिद्रापूर. सीमेपलीकडं महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात, कृष्णेकाठी कोपेश्वराचं देऊळ. त्याचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि छताच्या मधोमध गोल आकाश उघडं आहे. त्या गोलाखालच्या शिळेवर उभं राहून वर बघा. जोडीला नृसिंहवाडी करा, तिथं दुपारी घाटावर बसायला बरं वाटतं.

आंबोलीबद्दल एवढंच: जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी नको. गाड्यांची रांग, हॉर्न आणि धबधब्याखाली आरडाओरडा, यात मन शांत व्हायचं राहतं बाजूला. सप्टेंबरात मधल्या वारी जा. समुद्र हवा असेल तर कारवार गोव्यापेक्षा शांत पडतं, मराठी-कोकणी चालते.

चौथी पायरी: खर्च आणि गाडी

सुट्टीसाठी कर्ज काढू नका, हप्त्यावर तर मुळीच नको. फिरून आलेलं मन आठवड्याभरात पूर्ववत होतं आणि हप्ता वर्षभर चालतो. त्यापेक्षा दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाका आणि डब्यात जेवढे असतील तेवढ्यात बसणारी जागा निवडा.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या रहिवासी महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. आधार कार्ड किंवा दुसरं चालणारं ओळखपत्र जवळ ठेवायचं. म्हणजे खानापूर, गोकाक, बदामीला घरातल्या बायका-मुलींचा प्रवासखर्च शून्य. राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत किंवा आरामदायी बसमध्ये ही सवलत गृहीत धरू नका, कंडक्टरला आधी विचारा. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतरापुरतं.

कन्नड वाचता न येणारी पुष्कळ मराठी माणसं, विशेषतः म्हातारी मंडळी, केवळ बसची पाटी कळत नाही म्हणून एकटी बाहेर पडत नाहीत. त्यांच्यासाठी जाण्याच्या आणि परतीच्या गावाचं नाव कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या. नातवाला सांगा, तो पाच मिनिटांत लिहून देईल. पाटीशी अक्षरं जुळवून बघता येतात, आणि कागद दाखवला की स्टँडवर कुणीही बस दाखवतं. आजीला एकदा एकटीनं नंदगडला बहिणीकडं जाऊन येता आलं की तिचा आत्मविश्वास किती वाढतो ते बघा.

स्वतःची गाडी असेल तर रात्रीचा प्रवास टाळा. झोप मोडून सुरू केलेली सुट्टी पहिला दिवस चिडचिडीत घालवते. चोर्ला घाट आणि आंबोली घाट तर उजेडातच उतरावेत.

पाचवी पायरी: घरातल्या बाईचीही सुट्टी

हे मी पोटतिडकीनं लिहितेय, कारण इथंच आपली बहुतेक कुटुंबं चुकतात.

निघायच्या आदल्या रात्री कोण जागतं? दशम्या, चपात्या, शेंगाची चटणी, चिवडा, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या. सौंदत्तीला डोंगरावर गेल्यावर तीन दगडांची चूल मांडून नैवेद्य आणि पंधरा जणांचं जेवण कोण करतं? परत आल्यावर धुण्याचा ढीग कोणापुढं पडतो? बाकीच्यांची सुट्टी झाली, तिची फक्त चुलीची जागा बदलली. वर सांगितलेल्या चार निकषांतला पहिलाच निकष, मन कामापासून सुटणं, तिच्या वाट्याला येतच नाही.

उपाय अवघड नाहीत, ठरवायला लागतात. एक वेळचा डबा घरचा आणि बाकी जेवण खानावळीत, असं ठरवा. आपल्या भागात खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, उसळ, शेंगाची चटणी, दही असं घरच्यासारखं जेवण ठिकठिकाणी मिळतं, पोटही बिघडत नाही. सामानाची यादी नवऱ्यानं करावी आणि पिशव्या त्यानंच भराव्यात. काही राहिलं तर राहू दे. तिथं पोचल्यावर दिवसातले दोन तास "आई कुठं आहे" असं कुणीही विचारायचं नाही. मुलं बाबांकडं, सासूबाई मुलाकडं. परतल्यावर त्या दिवशी घरात पातेलं चढवायचं नाही.

आणि माहेरपण. ही आपल्या संस्कृतीतली खरी विसाव्याची सुट्टी आहे, ती हल्ली लग्नाकार्यापुरती उरली. वर्षातून चार दिवस, मुलांच्या परीक्षेशी किंवा कुणाच्या बारशाशी न जोडता, नुसतं राहायला म्हणून माहेरी पाठवा. आई नसेल तर बहिणीकडं किंवा मैत्रिणीकडं. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे तिथं तर सेवा करणाऱ्या बाईला हे चार दिवस द्यायलाच हवेत, आणि त्या दिवसांत घरात कोण थांबणार हे दीर-नणंदांनी आधी ठरवावं. तिनं मागायची वेळ येऊ देऊ नये.

सहावी पायरी: काम मागं ठेवून निघणं

निघण्याच्या आधीच्या दोन दिवसांत अर्धवट कामांची यादी करून ती कागदावर ठेवा आणि कागद टेबलावर सोडून या. मनात ठेवलेलं काम बरोबर येतं. लिहून ठेवलेलं बऱ्याच अंशी तिथंच राहतं. दुकान असेल तर किल्ली कुणाकडं, उधारी कोण बघणार, दूध-पाण्याचं काय, हे सांगून या. जनावरं असतील तर शेजाऱ्याशी अदलाबदल ठरवा: यावेळी तुम्ही आमच्या म्हशी बघा, पुढच्या वेळी आम्ही तुमच्या.

फोन बंद करा असं म्हणणं सोपं आहे, पण घरी म्हातारी माणसं असतात. म्हणून एकच फोन चालू, तोही साधा कॉल येण्यापुरता. कामाचे व्हॉट्सअॅप ग्रुप निघण्याआधी म्यूट करा आणि दिवसातून एकदा, जेवणानंतर, दहा मिनिटं बघा. कणकुंबीकडं रेंज नसतेच, त्यामुळं घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते घाबरणार नाहीत. फोटो काढा, पण टाकायचे ते घरी आल्यावर. फोटो टाकला की किती जणांनी बघितला याकडं मन लागतं आणि समोरचा डोंगर मागं पडतो.

लोक काय म्हणतील ही धास्तीही निघतानाच लागते. "एवढं कर्ज डोक्यावर आणि फिरायला निघाला" असं कुणी म्हणेल. म्हणू दे. दिवसभर हलशीला जाऊन येण्यानं कर्ज वाढत नाही, आणि ताज्या डोक्यानं बँकेशी बोलणं बरं जमतं.

सातवी पायरी: तिथं पोचल्यावर

दिवसाला एकच ठिकाण. सकाळी बघणं, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी पायी चालणं. बाकी मोकळं.

मुक्काम करणार असाल तर पहिल्या रात्री झोप नीट लागणार नाही हे धरून चाला. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ साली असं दिसलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग अर्धवट सावध राहतो, पहारा दिल्यासारखा. म्हणून एका रात्रीचा मुक्काम बहुतेकांना थकवूनच परत पाठवतो. एकतर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी या, नाहीतर दोन रात्री राहा. आपली उशी आणि चादर बरोबर नेली तर फरक पडतो.

चालताना थोडा वेळ बोलू नका. पक्षी, पाणी, पालापाचोळा, जे काही ऐकू येईल ते ऐका. मुलांना खेळ म्हणून सांगा, कोणाला किती आवाज ओळखता येतात. हलशीत असाल तर एखादाच खांब निवडा आणि त्यावरचं कोरीव काम खालून वरपर्यंत निवांत बघा. अशा बघण्यात मन गुंततं पण दमत नाही.

नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ यांच्यात एखादा जुना वाद असेल तर तो सुट्टीत मिटेल अशी आशा घेऊन जाऊ नका. गाडीत चार तास एकत्र बसून जमिनीच्या वाटणीवर बोलायला लागलं की सुट्टी संपली. निघण्याआधीच ठरवा: या दोन दिवसांत हे विषय नाहीत.

आता एक कडू गोष्ट. आपल्याकडची अनेक तरुण मंडळी ताण घालवायला म्हणून गोव्याला जातात आणि दोन दिवस पिण्यात घालवतात. दारूनं झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी बेचैनी वाढते. ज्या मनाला विसावा द्यायला गेलो तेच जास्त कोमेजून परत येतं. त्यातून रात्री घाटानं परतणं म्हणजे जिवाशी खेळ. मित्रांबरोबर गोव्याला जरूर जा. समुद्रात पोहा, मासे खा, किनाऱ्यावर चाला. ताण घालवायला तेवढं पुरेसं आहे.

आठवी पायरी: परत येणं आणि पुढचे आठवडे

सोमवारी कामावर जायचं असेल तर शनिवारी रात्री किंवा रविवारी दुपारपर्यंत घरी या. धुणं, आवराआवर आणि एक झोप झाल्यावर कामावर गेलात तर सुट्टीचा असर जास्त दिवस राहतो. शेवटचा अनुभव आठवणीत ठसतो, म्हणून परतीच्या वाटेवर काहीतरी चांगलं ठेवा. खानापूरकडून येताना कुठं चहाला थांबा, गोकाकहून येताना हिडकलच्या धरणावर सूर्यास्त बघा.

मग पुढच्या आठवड्यापासून छोटा हप्ता सुरू करा. इंग्लंडमध्ये जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असं आढळलं की आठवड्यातून एकूण १२० मिनिटं झाडा-पाण्याच्या सहवासात घालवणारे लोक स्वतःला जास्त निरोगी आणि समाधानी सांगतात. ही दोन तासांची बेरीज तुकड्या-तुकड्यांनी केली तरी चालते. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळची फेरी, किल्ल्याच्या तळ्याकाठी संध्याकाळ, रविवारी पहाटे राजहंसगड. जिल्ह्याच्या पूर्व भागात हिवाळ्यातल्या एळ्ळ अमावास्येला सगळं घर शेतात जाऊन चरगा (शेताला नैवेद्य) वाहून बांधावर जेवतं. तसं जेवण महिन्यातून एकदा कुठल्याही रविवारी करायला कोणाची आडकाठी आहे? पुढच्या सुट्टीची तारीखही याच आठवड्यात दिनदर्शिकेवर गोल करून टाका.

प्रवास पुरेसा नसतो तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, छातीत अचानक धडधड होऊन जीव जाईल असं वाटतं, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, यातलं काही असेल तर सहलीवर विसंबू नका. "चार दिवस फिरवून आणा, बरं वाटेल" हा सल्ला अशा वेळी प्रेमापोटी दिला जातो, पण त्यानं उपचाराला उशीर होतो. गंभीर नैराश्यातल्या माणसाला सुंदर जागी नेल्यावर तिथंही आनंद वाटत नाही आणि तो स्वतःलाच आणखी दोष देतो. आधी डॉक्टर, मग डॉक्टरांना विचारून प्रवास. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि धारवाडची डिमहान्स ही तर याच कामासाठीची सरकारी संस्था आहे. तिथं जाण्यात लाज कसली?

मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर प्रवासात एकही चुकवू नका, दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवा. ज्यांना मनाच्या चढ-उताराचा आजार आहे त्यांनी रात्रीचं जागरण कटाक्षानं टाळावं, कारण झोप मोडल्यानं त्रास उसळू शकतो. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या आजी-आजोबांना नव्या जागी गोंधळायला होतं. त्यांच्यासाठी ओळखीच्या ठिकाणी दिवसाची फेरी बरी, आणि खिशात नाव-पत्ता-फोन लिहिलेला कागद असावा.

केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसा-रात्री कधीही फोन करता येतो, आणि सुरुवातीला भाषा निवडताना मराठीही घेता येते. आपलं दुखणं आपल्या भाषेत सांगायला मिळणं आपल्या भागात फार मोलाचं आहे. हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवा, आणि कुणी उदास असेल तर पहिला फोन त्याच्या शेजारी बसून लावून द्या.